कौल कोणाचा बदलतो?

स्कॉटलंडच्या उत्तरेस, जेथे अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र एकमेकांस मिळतात तेथे, शेटलंड नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. मासेमारी, मेंढ्यांची लोकर आणि गेल्या पन्नास वर्षांत हाती आलेले समुद्रतळीचे खनिज तेल यांवर तेथील सुमारे तेवीस हजार वस्तीचा चरितार्थ चालतो. ५ जून १९७५ रोजी ब्रिटनच्या इतिहासातील पहिले राष्ट्रव्यापी सार्वमत घेण्यात आले आणि युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहावे की बाहेर पडावे या प्रश्नावर ६७.२ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा त्या कौलाच्या विरुद्ध गेलेले मुलूख अवघ्या देशात दोनच निघाले: एक हे शेटलंड आणि दुसरा स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडीज बेटे. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, जवळजवळ तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला. या खेपेस देशाने ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा निर्णय केला, आणि शेटलंड व हेब्रिडीज यांनी मात्र पंचावन्न-छप्पन्न टक्के मतांनी युरोपात राहण्याचा आग्रह धरला. उलटपक्षी इंग्लंडच्या पूर्व भागातील ज्या लिंकनशायर परगण्याने १९७५ साली सुमारे तीन-चतुर्थांश मतांनी युरोपला होकार दिला होता, त्याच परगण्यातील बॉस्टन या जुन्या नगराने २०१६ साली ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या पारड्यात टाकली; साऱ्या देशात हे प्रमाण सर्वांत अधिक ठरले.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले की वाचकाच्या मनात पहिला विचार येतो तो हा की, लोक किती चंचल असतात! परंतु १९७५ साली पंचविशीत असलेला मनुष्य २०१६ साली सहासष्टाव्या वर्षात होता, आणि १९७५ साली पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी बहुतेक सर्व तोवर इहलोक सोडून गेले होते. म्हणजे दोन्ही वेळी कौल देणारा समुदाय नावाने एक असला तरी व्यक्तींच्या हिशोबाने तो बराचसा निराळा होता. गावच्या जत्रेतील गर्दी दरवर्षी तेवढीच दिसते, पण तिच्यातील चेहरे कधी पालटून गेले हे कोणाच्या ध्यानात येत नाही, तसाच हा प्रकार आहे. सार्वमतानंतर काही वर्षांनी लोकमत पालटले असे वृत्तपत्रे जेव्हा सांगतात, तेव्हा त्यातला किती भाग मनःपरिवर्तनाचा आणि किती भाग माणसांच्या फेरबदलाचा, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. तो विचारला असता जे उत्तर मिळते ते पश्चात्तापाच्या लोकप्रिय कथेहून पुष्कळच निराळे आहे.

मने मुळीच पालटत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७५ च्या सार्वमताचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षात युरोपच्या प्रश्नावर उभी फूट होती आणि ती झाकण्यासाठीच त्यांनी हा प्रश्न जनतेपुढे नेला. डाव्या गटाचे टोनी बेन हे विरोधकांचे अग्रणी होते, तर हुजूर पक्षाच्या नवनिर्वाचित नेत्या मार्गारेट थॅचर युरोपीय देशांचे ध्वज विणलेला स्वेटर घालून होकाराचा प्रचार करीत होत्या. दोन-तृतीयांशांचा तो कौल पाहून हा प्रश्न आता कायमचा निकालात निघाला असे अनेकांस वाटले. तथापि पाच वर्षे उलटतात न उलटतात तोच, महागाई व बेकारी यांच्या तडाख्यात सापडलेल्या देशात बाहेर पडावे असे म्हणणाऱ्यांचे मतपाहण्यांत बहुमत झाले होते, आणि १९८३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात बाहेर पडण्याचे कलमच घातले. पाच वर्षांत पिढी बदलत नाही; तेव्हा हे परिवर्तन मनांचेच होते. पण ते जितक्या लवकर आले तितक्याच लवकर ओसरलेही. त्या दशकाच्या अखेरीस सदस्यत्वाला पुन्हा बहुमताचा पाठिंबा मिळू लागला होता.

पुढे १९८८ च्या सप्टेंबरात अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन भाषणे झाली. पहिले भाषण युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जॅक डेलॉर यांनी बोर्नमथ येथे ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेत केले. युरोप म्हणजे केवळ व्यापाऱ्यांचा बाजार नसून कामगारांच्या हक्कांचे संरक्षण करणारी संस्था आहे, असा त्याचा आशय होता, आणि थॅचर यांच्या अमलाखाली जेरीस आलेल्या मजुरांना तो मोठाच दिलासा वाटला. दुसरे भाषण थॅचर यांनी बेल्जियममधील ब्रुज येथे केले आणि ब्रुसेल्सहून चालणाऱ्या केंद्रीभूत सत्तेवर कडक टीका केली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पक्षानेही त्याच सुमारास युरोपांतर्गत स्वातंत्र्याचे धोरण स्वीकारले. ज्या पक्षाने १९७५ साली युरोपला विरोध केला होता, त्याला आता लंडनवर तोल राखण्यासाठी ब्रुसेल्स हवेसे झाले. दोन्ही मोठे पक्ष एकमेकांच्या जुन्या जागी जाऊन बसले आणि त्यांच्यामागून त्यांचे अनुयायीही सरकले. युरोपचा मूळ तहनामा सर्वसामान्य मतदाराने ना १९७५ साली वाचला होता ना पुढे कधी वाचला. आपला विश्वास ज्यांच्यावर आहे ते कोठे उभे आहेत, हे पाहूनच तो आपली जागा ठरवीत होता. यात त्याला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. बहुतेक सार्वजनिक प्रश्नांत तुम्ही-आम्ही यापेक्षा निराळे काही करीत नाही.

बॉस्टनची हकीकत मात्र पक्षनिष्ठेने उलगडत नाही. १ मे २००४ रोजी पोलंड, लिथुएनिया इत्यादी मध्य व पूर्व युरोपातील देश युरोपीय संघात आले, तेव्हा जुन्या सभासद देशांपैकी बहुतेकांनी आपल्या मजुरीच्या बाजारपेठेचे दरवाजे काही वर्षे बंद ठेवले, परंतु ब्रिटनने ते लगोलग उघडले. लिंकनशायरची सपाट, काळी जमीन भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे आणि भाजी काढण्याच्या, निवडण्याच्या व बांधण्याच्या कामाला हात लागतात. ते हात पूर्व युरोपातून आले, आणि थोड्याच वर्षांत त्या लहान नगराच्या शाळा, दवाखाने व भाड्याची घरे यांवर असा ताण आला की, ज्यांनी युरोप कधी पाहिला नव्हता त्यांच्या दारीच युरोप येऊन उभा राहिला.

२०१६ च्या निकालाची मोजदाद अशी: बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख १० हजार ७४२, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख ४१ हजार २४१, तफावत पावणेतेरा लाखांच्या आत. मतदान ७२.२ टक्के, म्हणजे नोंदलेल्या सुमारे ४ कोटी ६५ लाख मतदारांपैकी जवळजवळ १ कोटी २९ लाख घरीच राहिले. निकाल ज्या फरकाने लागला त्याच्या दसपट ही संख्या आहे. इंग्लंड व वेल्स यांनी बाहेरची वाट धरली; स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळजवळ ५६ टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला. वयाचा भेद याहूनही ठळक होता. पासष्टीपुढील मतदारांत साधारण पाचांतील तिघे बाहेर पडण्याच्या बाजूचे, तर पंचविशीच्या आतील मतदारांत दहांतील सात किंवा अधिक राहण्याच्या बाजूचे होते.

या मतदारयादीची एक गंमत मराठी वाचकाने जाणून घेण्यासारखी आहे. राष्ट्रकुलातील देशांच्या ब्रिटनवासी नागरिकांना मताचा अधिकार होता, पण युरोपीय देशांच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा व सायप्रस वगळता, तो नव्हता. परिणामी पुण्याहून नोकरीसाठी गेलेला आणि भारतीय पारपत्र बाळगणारा अभियंता ब्रिटनच्या भवितव्यावर मत देऊ शकत होता. गोव्यातील पोर्तुगीज अंमल १९६१ साली संपण्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येत असल्यामुळे त्या पारपत्राच्या बळावर हजारो गोमंतकीय स्विंडन व साउथॉलसारख्या गावी जाऊन स्थायिक झाले आहेत. ज्यांचा तेथील निवासाचा हक्कच पणाला लागला होता त्या या लोकांना मात्र मत नव्हते. स्विंडनने बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि या मंडळींना पुढे वास्तव्याच्या परवान्यासाठी सरकारदरबारी अर्ज गुदरावे लागले.

आता निकालानंतरच्या लोकमताकडे वळू. यूगव्ह ही मतपाहणी करणारी संस्था ऑगस्ट २०१६ पासून सातत्याने एकच प्रश्न विचारीत आली आहे: मागे वळून पाहता, युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय बरोबर होता की चूक? आरंभी ४६ टक्के लोक बरोबर म्हणत होते आणि ४२ टक्के चूक. २०१७ च्या उत्तरार्धापासून चूक म्हणणाऱ्यांचे पारडे किंचित जड झाले, २०२१ नंतर ते झपाट्याने आणखी जड होत गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये बरोबर म्हणणारे ३० टक्के व चूक म्हणणारे ५५ टक्के अशी स्थिती आली. चार टक्क्यांची आघाडी जाऊन पंचवीस टक्क्यांची पिछाडी, हा फरक दुर्लक्षिण्यासारखा खचित नाही.

परंतु त्याच पाहणीत, २०१६ साली बाहेर पडण्यासाठी मत दिलेल्यांना वेगळे काढून पाहिले तर त्यांच्यापैकी साधारण पाचांतील एकच आज आपला निर्णय चुकला असे म्हणतो. दोन-तृतीयांश लोक आजही त्याला बरोबरच म्हणतात. मग एवढी तफावत आली कोठून? स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील प्राध्यापक सर जॉन कर्टिस, ज्यांचा ब्रिटिश लोकमताचा अभ्यास सर्वमान्य आहे, त्यांनी या कोड्याची उकल पुनःपुन्हा करून दाखविली आहे. थोडा भाग मत फिरविलेल्यांचा आहे. परंतु पुष्कळसा भाग अशांचा आहे की ज्यांनी २०१६ साली मतच दिले नव्हते, आळसाने वा उदासीनतेने दिले नव्हते किंवा वय नव्हते म्हणून दिले नव्हते. त्या वेळी मतदानाच्या वयात न आलेल्या आजच्या तरुणांत तीन-चतुर्थांश लोक या निर्णयाला चूक म्हणतात. ब्रिटनमध्ये दरवर्षी सहा लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावतात, त्यांत वृद्धांचा भरणा असणार हे उघडच आहे, आणि जवळजवळ तितकीच अठराव्या वर्षी यादीत येतात. पीटर केलनर या अनुभवी मतपाहणीकाराने २०१८ साली असा हिशोब मांडला होता की, एकाही जिवंत मतदाराने आपले मत बदलले नाही असे धरले तरी जानेवारी २०१९ मध्ये केवळ जन्ममृत्यूच्या चक्रानेच २०१६ चे बहुमत नाहीसे होईल. हिशोब क्रूर वाटतो खरा. पण शिरगणतीला भावना नसतात.

ज्यांनी खरोखर मत बदलले त्यांची कारणेही एकजिनसी नाहीत. आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील, असे लाल बसगाडीवर रंगवून गावोगाव फिरविलेले आश्वासन फळास आले नाही. १ जानेवारी २०२१ पासून व्यापाराला जकातीच्या कागदपत्रांचा जाच सुरू झाला. ब्रिटनच्या स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालयाने दीर्घकालीन उत्पादकतेत ४ टक्के घट गृहीत धरली. परंतु मला सर्वांत उपरोधिक वाटते ती स्थलांतराची गोष्ट. परकीयांचा ओघ आटावा म्हणून ज्यांनी मत दिले त्यांना असे दिसले की, युरोपातून येणारे कमी झाले खरे, पण २०२२-२३ च्या सुमारास निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या घरात गेले, आणि येणाऱ्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती! अशा निराश मतदारांतही कित्येक असे म्हणतात की, कल्पना चांगली होती पण राज्यकर्त्यांनी तिचे मातेरे केले. मूळ निर्णयाला दोष न देता अंमलबजावणीला दोष देणे, ही मनुष्यस्वभावाची जुनीच पळवाट आहे आणि तिने आत्मसन्मान शाबूत राहतो. शिवाय सार्वमताने एक नवीनच जात निर्माण केली होती. आपण कोणत्या पक्षाचे, यापेक्षा आपण ‘जाणारे’ की ‘राहणारे’, ही ओळख अनेकांना अधिक जवळची वाटू लागल्याचे निवडणूक-अभ्यासकांना आढळले. मत सोडणे सोपे असते, ओळख सोडणे तितके सोपे नसते.

येथे आणखी एका फसगतीची सूचना देणे अवश्य आहे. ‘चूक झाली’ म्हणणारे सर्वच ‘परत जाऊ’ म्हणत नाहीत. आणि ‘परत जाऊ’ म्हणणाऱ्यांनाही, पौंड सोडून युरो हे नाणे घ्यावे लागेल अशी अट सांगितली की, त्यांच्यातील पुष्कळ जण मागे सरतात. प्रश्न कसा घातला यावर निम्मे उत्तर अवलंबून असते.

लोकमत पालटल्याने राज्यकारभार पालटतो असेही नाही. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत दुसरे सार्वमत घ्यावे असे म्हणणाऱ्या पक्षांच्या एकत्रित मतांची संख्या निम्म्याहून थोडी अधिक होती, तरी ४३.६ टक्के मतांवर बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाने ३६५ जागा जिंकल्या आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडले. कारण साधे आहे: राहणाऱ्यांची मते चार-पाच पक्षांत वाटली गेली होती आणि जाणाऱ्यांची एका ठिकाणी गोळा झाली होती. २०२४ साली मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले, पण पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी सामायिक बाजारपेठेत वा जकात-संघात परत न जाण्याचा शब्द आधीच देऊन टाकला होता. मे २०२५ मध्ये लंडन येथे झालेल्या समझोत्यात मासेमारीची मुदत २०३८ पर्यंत वाढविण्यासारखी कलमे आली, पण पुनःप्रवेशाचे नाव कोणी काढले नाही. इकडे ब्रेक्झिटचे, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याच्या चळवळीचे, आद्य प्रवर्तक नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने, देशाचे बहुमत ब्रेक्झिटला चूक म्हणत असतानाच, २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत मोठी मुसंडी मारली.

हा विरोधाभास मराठी माणसाला अगदीच नवा नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत-कौल झाला तेव्हा महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले, आणि दोन-अडीच महिन्यांतच झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला व त्याचे नेते भाऊसाहेब बांदोडकर यांना पुन्हा सत्तेवर बसविले! एखाद्या प्रश्नाचे उत्तर आणि एखाद्या माणसावरचा विश्वास ही दोन स्वतंत्र खाती आहेत, हे गोव्याच्या रयतेने लंडनच्या पंडितांच्या आधी अर्धशतक दाखवून दिले होते. पुढे विलीनीकरणाची मागणी मतपेटीतून पुन्हा पराभूत व्हावी लागली नाही. ती आपोआप विझली. तिच्यामागे असलेला भाषेचा प्रश्न मात्र १९८५-८६ च्या राजभाषा आंदोलनात रक्त सांडून पुन्हा उभा राहिला, १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. आणि मराठीलाही राजभाषेचे स्थान द्यावे ही मागणी आजही अधूनमधून ऐकू येते. विलीनीकरणाला मत दिलेल्या घरांतील नातवंडे आज गोमंतकीय अस्मितेची भाषा बोलतात. त्यांच्या आजोबांनी मात्र मत बदलल्याचे कधी जाहीर केले असेलच असे नाही.

पण काळ लोटला की कौल उलटतोच, असा नियम बांधण्याची घाई करू नये. नॉर्वेने १९७२ साली ५३.५ टक्के मतांनी युरोपला नकार दिला, बावीस वर्षांनी, १९९४ साली, पुन्हा विचारले तेव्हा ५२.२ टक्के मतांनी तोच नकार कायम केला. याच्या अगदी उलट आयर्लंड: १९८३ साली गर्भपातबंदी राज्यघटनेत घालण्यास ६६.९ टक्के मतदारांनी मान्यता दिली आणि २०१८ साली ती काढून टाकण्यास ६६.४ टक्क्यांनी. त्या पस्तीस वर्षांत तेथील चर्चची सत्ता ढासळली, शिक्षण वाढले, खेड्यांतून शहरे फुगली. नॉर्वेत मात्र मासेमार आणि शेतकरी, म्हणजे नकाराच्या मुळाशी असलेले हितसंबंध, जागच्या जागी राहिले. पिढी बदलली म्हणून मत बदलते असे नव्हे. नवी पिढी निराळ्या परिस्थितीत वाढली तरच ते बदलते.

म्हणून एकदा दिलेला कौल किती काळ बंधनकारक मानावा, हा प्रश्न भावनेवर वा पुढाऱ्यांच्या सोयीवर सोडणे मला योग्य वाटत नाही. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरील २०१४ च्या सार्वमताच्या वेळी ‘पिढीतून एकदाच’ असे म्हणण्यात आले, आणि पिढी म्हणजे किती वर्षे यावर वाद आजतागायत चालू आहे. लोकशाहीला आपले मत बदलता आले नाही तर ती लोकशाहीच उरत नाही, असे २०१२ साली हुजूर पक्षाचे डेव्हिड डेव्हिस म्हणाले होते. पुढे तेच ब्रेक्झिटचे मंत्री झाले आणि दुसऱ्या सार्वमताचे विरोधक ठरले. उत्तर आयर्लंडने आयर्लंडमध्ये सामील व्हावे की नाही याविषयी सार्वमत घेण्याची तरतूद मात्र १९९८ च्या कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे: एका सार्वमतानंतर सात वर्षांच्या आत दुसरे घेता येणार नाही. युरोपविषयीच्या २०१५ च्या सार्वमत कायद्यात अशी कोणतीही मुदत घातलेली नव्हती, आणि माझ्या मते त्या कायद्यातील सर्वांत मोठी उणीव तीच होती.